दुरुस्ती मागणारा बिशप

जुन्या गोव्याला जाऊन आलेल्यांनी टेकडीवरचा तो जांभ्या दगडाचा भग्न मनोरा पाहिला असेल. चर्च केव्हाच ढासळले. मनोऱ्याचाही अर्धा भाग पडून गेला, उरलेला अर्धा अजून उभा आहे. त्याला सेंट ऑगस्टिनचा मनोरा म्हणतात. १५७२ साली गोव्यात आलेल्या ऑगस्टिनियन संन्याशांचे हे ठाणे. २०२५ साली निवडले गेलेले पोप लिओ चौदावे हेही ऑगस्टिनियन संघाचेच. पण ज्यांच्या नावाचा हा संघ, ते ऑगस्टिन कोण, कुठले, याची माहिती आपल्याकडे फारशी नसते. आज मला त्यांच्या एकाच गुणाविषयी बोलायचे आहे. तो गुण म्हणजे स्वतःची चूक दुसऱ्याकडून दाखवून घेण्याची तयारी.

एवढा मोठा ख्रिस्ती आचार्य म्हणजे युरोपातला असणार, असे आपण गृहीत धरतो. ऑगस्टिन मात्र आफ्रिकेचे. इ.स. ३५४ मध्ये तागास्त या गावी त्यांचा जन्म झाला. ते गाव आज सूक अहरास या नावाने अल्जीरियात आहे. वडील जुन्या रोमन देवतांना मानणारे, आई मोनिका श्रद्धाळू ख्रिस्ती. तरुणपणी ऑगस्टिन आईच्या धर्मापासून दूर गेले, सुमारे नऊ वर्षे मानी या इराणी धर्मप्रवर्तकाच्या पंथात रमले, वक्तृत्वशास्त्र शिकवून पोट भरू लागले. ३८६ साली मिलानमध्ये त्यांचे मन पालटले आणि पुढच्या वर्षी तिथले बिशप अँब्रोज यांच्या हस्ते बाप्तिस्मा झाला. आफ्रिकेत परतल्यावर ते हिप्पो या बंदराच्या गावी आधी धर्मगुरू आणि मग बिशप झाले आणि मरेपर्यंत तिथेच राहिले. हिप्पोचे आजचे नाव अन्नाबा. बहुसंख्य मुस्लिम वस्तीच्या अल्जीरियाने २००१ साली आपल्या या भूमिपुत्रावर आंतरराष्ट्रीय परिषद भरवली होती.

बायबलच्या जुन्या करारात 'नीतिसूत्रे' नावाचा ग्रंथ आहे. शहाणा कोण, हा त्या ग्रंथाचा आवडता प्रश्न. उत्तर देताना तो विद्वत्तेला फारसे महत्त्व देत नाही. बोल लावला तर ऐकून घेतो तो शहाणा, आणि बोल लावणाऱ्याचा द्वेष करतो तो मूर्ख, अशा अर्थाचे बोल त्यात पुन्हा पुन्हा येतात. देवाकडे शहाणपण मागणे आणि माणसाकडून दुरुस्ती स्वीकारणे, या दोन गोष्टी ख्रिस्ती परंपरेत अशा जोडीने चालत आल्या आहेत. बोलायला सोपे आहे. पण दुरुस्ती करणारा वयाने किंवा अधिकाराने लहान असेल तर?

असा प्रसंग ख्रिस्ती धर्माच्या अगदी पहिल्या पिढीत घडला. पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात तो नोंदवला आहे. पेत्र हा येशूच्या शिष्यांतला अग्रणी. अंत्युखिया शहरात तो यहूदी नसलेल्या ख्रिस्ती बांधवांच्या पंक्तीला बसून जेवत असे. पुढे यरुशलेमहून याकोबाकडची काही कर्मठ मंडळी आली, तेव्हा त्यांच्या भीतीने तो त्या पंक्तीतून उठला आणि वेगळा राहू लागला. इतरही त्याचे पाहून तसेच करू लागले. पौल मागाहून आलेला, येशूच्या हयातीत त्याचा शिष्यही नसलेला. पण त्याने सर्वांसमक्ष पेत्राला तोंडावर सुनावले. पंक्तिभेद म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको.

या प्रसंगाचा अर्थ लावण्यावरून ऑगस्टिन आणि जेरोम यांच्यात वाद झाला. जेरोम हे त्या काळचे सर्वांत मोठे बायबल-पंडित. ३८६ पासून ते बेथलेहेमला मठ करून राहिले होते आणि जुन्या कराराचे मूळ हिब्रूवरून लॅटिन भाषांतर करीत होते. पेत्रासारखा थोर माणूस खरेच चुकला, हे त्यांना पटेना. म्हणून त्यांनी असे भाष्य केले, की ते भांडण लटकेच होते. लोकांना धडा मिळावा म्हणून दोघांनी वठवलेले नाटक. ऑगस्टिन अस्वस्थ झाले. पवित्र ग्रंथात सोयीसाठी एक लबाडी आहे असे एकदा मानले, तर उरलेल्यावर विश्वास कशाच्या आधारे ठेवायचा, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी जेरोमना पत्र लिहिले.

पुढे पत्रांची जी फरपट झाली, ती वाचताना हसू येते. पहिले पत्र ज्याच्या हाती दिले, त्याची निघण्याच्या तयारीत असतानाच बिशप म्हणून निवड झाली आणि तो पॅलेस्टाइनला गेलाच नाही. पुढे आणखी एक सविस्तर पत्र लिहिले. ते नेणारा समुद्रप्रवासाच्या भीतीने मागे राहिला. पत्र मात्र निसटले, त्याच्या नकला निघाल्या आणि ते इटलीत लोकांच्या हाती फिरू लागले. आफ्रिकेतला कोणी तरुण बिशप आपल्या चुका काढतो आहे, हे जेरोमना त्रयस्थांकडून कळले. त्यांचा संताप झाला. त्यांनी खोचकपणे सुचवले, की नाव कमावायला म्हाताऱ्याशी कुस्ती धरू नये. थकलेला बैल पाय अधिक घट्ट रोवतो. ऑगस्टिन यांचे उत्तर आपल्या शेतकऱ्याला लगेच समजेल असे आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की तो पाय खळ्यावर मळणी करणाऱ्या बैलाचा असेल आणि त्याने माझ्यातला भुसा वेगळा निघणार असेल, तर तो मी आनंदाने सोसेन.

दरम्यान एका वेलीवरून नवा तंटा उभा राहिला. जेरोम यांचे योनाच्या पुस्तकाचे नवे भाषांतर ओएआ, म्हणजे आजचे त्रिपोली, इथल्या बिशपने चर्चमध्ये वाचून दाखवले. निनवे शहराबाहेर उन्हात बसलेल्या योनावर देवाने एका झाडाची सावली धरली, असे त्या कथेत आहे. लोक पिढ्यान् पिढ्या तिथे भोपळ्याचा वेल ऐकत आलेले. जेरोमनी भिंतीवर चढणारी आयव्ही घातली. एवढ्यावरून चर्चमध्ये गलका उडाला. बिशपने गावच्या यहुद्यांना विचारले, त्यांनी जुन्याच शब्दाला दुजोरा दिला, आणि लोक सोडून जातील या धास्तीने बिशपला माघार घ्यावी लागली. ऑगस्टिननी ही हकिगत कळवून खुलासा मागितला. जेरोमनी सांगितले, की मूळ हिब्रू शब्द एका रुंद पानांच्या, झपाट्याने वाढणाऱ्या झाडाचा आहे आणि त्याला लॅटिनमध्ये नावच नाही. आजचे पुष्कळ अभ्यासक ते एरंडाचे झाड मानतात. म्हणजे भोपळाही नाही आणि आयव्हीही नाही!

मुस्लिम घरांत हाच योना हजरत यूनुस म्हणून ओळखीचा आहे. कुरआनातही त्यांच्यावर सावली धरणारे झाड येते, आणि त्यासाठी आलेल्या 'यक्तीन' या शब्दाचा अर्थ बहुतेक भाष्यकार भोपळ्याचा वेल असाच करतात. ओएआच्या त्या भांडखोर मंडळींना हे ऐकून समाधान वाटले असते.

४०५ च्या सुमारास ऑगस्टिननी जेरोमना जे दीर्घ पत्र लिहिले, त्यात या वादाचे सार आहे. पेत्र खरेच चुकला, या मतावर ते ठाम राहिले. पण त्यांनी पेत्राला कमी लेखले नाही. पौलाचे धैर्य मोठे खरे; पण मागाहून आलेल्या माणसाचा बोल पेत्राने खाली मान घालून ऐकला, हे त्याहून दुर्मीळ आणि पवित्र उदाहरण आहे, असे त्यांनी लिहिले. स्वतःविषयी त्यांनी म्हटले, की चर्चच्या मानपानात बिशप हा साध्या धर्मगुरूहून वरचा असला, तरी ऑगस्टिन पुष्कळ बाबतींत जेरोमहून खालचा आहे. आणि दुरुस्ती तर आपल्याहून लहानाकडूनही नाकारू नये.

वादाचा शेवटही पाहण्यासारखा आहे. ४१५ च्या सुमारास जेरोमनी एका ग्रंथात पेत्राच्या त्या चुकीचा उल्लेख खरीच चूक असल्यासारखा केला, आणि ऑगस्टिननी तो समाधानाने टिपून ठेवला. इकडे हिब्रूवरच्या भाषांतराला आधी नाखूश असलेल्या ऑगस्टिननी त्याची उपयुक्तता मान्य केली, आणि उतारवयातल्या एका ग्रंथात आमोस संदेष्ट्याची वचने जेरोम यांच्याच भाषांतरातून घेतली. दोघांची भेट कधीच झाली नाही. ४२० च्या सुमारास जेरोम बेथलेहेमला वारले, तेव्हा दोघांत आदर उरला होता.

गझल लिहिणाऱ्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. आमच्याकडे तिला 'इस्लाह' म्हणतात. शागीर्द आपली रचना उस्तादाकडे पाठवतो, उस्ताद शब्द फिरवून, मात्रा सावरून परत धाडतो. मिर्झा गालिब आपल्या हरगोपाल तफ्ता या शिष्याची इस्लाह टपालाने करीत. मराठीत सुरेश भटांनी 'गझलेची बाराखडी' लिहून नवोदितांना अशीच वाट दाखवली. मात्र इस्लाहचा एक नियम आहे. ती मागावी लागते. न मागता दुसऱ्याच्या वहीत लाल शाई फिरवणाऱ्याला कोणी उस्ताद म्हणत नाही.

ऑगस्टिननी आयुष्याच्या अखेरीस आपल्या सगळ्या लेखनाचीच इस्लाह करायला घेतली. ४२६-२७ चा सुमार, वय बहात्तरच्या पुढे. त्यांनी आपले ग्रंथ क्रमाने पुन्हा वाचले आणि कुठे काय खटकते ते लिहून काढले. या पुस्तकाचे नाव 'रिट्रॅक्टेशनेस', म्हणजे फेरविचार. त्यात ९३ ग्रंथांची, म्हणजे एकूण २३२ भागांची, तपासणी आहे. हस्तलिखितांच्या नकला एकदा गावोगाव गेल्या, की त्या परत बोलावता येत नाहीत. त्यामुळे मूळ मजकूर खोडणे शक्यच नव्हते. चूक आणि तिची दुरुस्ती, दोन्ही वाचकांपुढे राहिली. तरुणपणी 'नशीब' हा शब्द आपण फार सैलपणे वापरला, प्लेटोच्या पंथाची स्तुती जास्त केली, अशा नोंदी त्यात आहेत. 'कन्फेशन्स' या त्यांच्या प्रख्यात आत्मकथनात तरुण मित्राच्या मृत्यूचा एक हृद्य भाग आहे. आपण मेलो तर उरलासुरला मित्रही पुरता मरेल, म्हणून कदाचित मरणाची भीती वाटली, असा त्यातला एक विचार. म्हाताऱ्या ऑगस्टिननी त्याला पोकळ वक्तृत्व ठरवले. मला, एक कवी म्हणून, तो निवाडा कठोर वाटतो. पण टाळ्या घेणाऱ्या ओळीवरच संशय घेण्याची ताकद किती जणांत असते?

इथे थांबलो असतो तर चित्र निष्कलंक राहिले असते. पण त्याच पुस्तकात आणखी एक दुरुस्ती आहे, आणि तिच्याविषयी बोलणे भाग आहे.

ऑगस्टिन यांच्या काळी आफ्रिकेतले ख्रिस्ती दोन गटांत फुटलेले होते. ३०३ साली सम्राट डायोक्लेशनने सुरू केलेल्या छळात काही धर्मगुरूंनी पवित्र पोथ्या सैनिकांच्या स्वाधीन केल्या. अशांचा धर्माधिकार न मानणारा गट पुढे डोनाटिस्ट म्हणून ओळखला गेला. त्यांचे बिशप वेगळे, चर्च वेगळी. सुरुवातीला ऑगस्टिन यांचे मत होते, की यांना वादाने, समजुतीने जिंकावे. सत्तेचा जोर लावू नये. ४०५ साली सम्राट होनोरियस यांनी या गटाविरुद्ध फर्मान काढले. सहकारी बिशपांनी दाखवून दिले, की कायद्याच्या धाकाने गावेच्या गावे परतली आहेत. ऑगस्टिन यांना ते पटले. ४०८ च्या सुमारास एका पत्रात त्यांनी आपले मत बदलल्याचे मोकळेपणाने लिहिले, आणि येशूच्या मेजवानीच्या दाखल्यातील, लोकांना आग्रह करून आत आणण्याचा धन्याचा हुकूम, सक्तीच्या समर्थनाला वापरला. ४११ साली कार्थेजला दोन्ही बाजूंच्या पाचशेहून अधिक बिशपांची सभा झाली, निकाल डोनाटिस्टांविरुद्ध लागला आणि दंड, जप्त्या वाढल्या. अपराध्यांना देहान्त देऊ नये म्हणून ऑगस्टिननी अधिकाऱ्यांना विनवले, हेही खरे. पण पुढच्या शतकांत छळ करणाऱ्यांनी त्यांची विनवणी बाजूला ठेवली आणि समर्थन तेवढे उचलले. 'रिट्रॅक्टेशनेस'मध्ये सक्तीविरुद्धच्या आपल्या जुन्या मताची नोंद ते 'दुरुस्ती' म्हणूनच करतात. तेव्हा अनुभव नव्हता, असे म्हणतात.

माझ्या मते त्यांचे जुने मतच बरोबर होते. आणि विशेष असे, की ते चुकले तेही दुसऱ्यांचे ऐकूनच. म्हणजे नुसते ऐकून घेणे हे पुरेसे शहाणपण नाही. 'नशीब' शब्दाची किंवा मित्राविषयीच्या वाक्याची दुरुस्ती झाली, तिची झळ ऑगस्टिन यांच्या स्वतःच्या अहंकाराला लागली. डोनाटिस्टांविषयीच्या दुरुस्तीची झळ दुसऱ्यांच्या घरादाराला लागली. अंत्युखियात पौल बोलला, तेव्हा त्याच्या पाठीशी शिपाई नव्हता. पेत्राला नाही म्हणता आले असते. म्हणूनच त्याच्या ऐकण्याला मोल आले.

४३० च्या उन्हाळ्यात व्हॅन्डल टोळ्यांनी हिप्पोला वेढा घातला होता. गावात ऑगस्टिन तापाने आजारी पडले. त्यांचा शिष्य आणि चरित्रकार पोसिडियस सांगतो, की त्यांनी दाविदाची पश्चात्तापाची स्तोत्रे लिहवून भिंतीवर लावून घेतली. वैद्य आणि जेवण आणणारे यांच्याखेरीज कोणी आत येऊ नये, असे सांगितले. अंथरुणावर पडल्या पडल्या ते ती वाचत आणि रडत. २८ ऑगस्टला ते गेले. एवढे ग्रंथ लिहिलेल्या माणसाने शेवटचे दिवस भिंतीवरच्या त्या थोड्या ओळी वाचण्यात घालवले. त्या ओळी दुसऱ्या कोणासाठी नव्हत्या, त्यांच्या स्वतःसाठी होत्या.