देव हलवला, वीर राहिले

उजनी धरण मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्याच्या पातळीखाली गेलं की पळसदेवच्या काठाकडं दोन प्रकारची माणसं निघतात. काहींना पाण्याबाहेर आलेल्या देवळाचा फोटो काढायचा असतो, काहींना आपल्या घराचं जोतं शोधायचं असतं. माझी आत्या दुसऱ्यांतली. 2024च्या उन्हाळ्यात धरण पार खाली गेलं, तेव्हा गुडघ्यांची तक्रार घरी ठेवून ती भेगाळलेल्या गाळातून चालू लागली. देवळाभोवती गर्दी होती. तिनं लांबूनच हात जोडले आणि बाजूच्या वीरगळांकडं, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या कोरीव दगडांकडं वळली. "आधी वीर, मग देव. आमचा आज्जा असंच करायचा," म्हणाली.

भीमेवरच्या या धरणाची पायाभरणी 1966 साली झाली, काम 1980 साली पुरं झालं. सुमारे 117 टीएमसी पाणी त्यात मावतं आणि त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठा म्हणून धरतात. जुनं पळसदेव या मृतसाठ्याच्याही पोटात गेलं. त्यामुळं दुष्काळ कडक पडला तरच गाव वर येतं. बाकीच्यांना पाण्याची चिंता असते तेव्हा आमच्या म्हाताऱ्या माणसांना माहेर दिसतं. नवं गावठाण पुणे-सोलापूर रस्त्याच्या बाजूला वसलं आणि पळसनाथाची पिंड तिकडं नेऊन नवं देऊळ बांधलं. जुनं देऊळ दगडी अंगाचं, विटांच्या शिखराचं. पळसदेवचा शके 1079चा, म्हणजे इ.स. 1157चा मराठी शिलालेख अभ्यासकांना ठाऊक आहे. ज्ञानेश्वरीच्याही आधी सव्वाशेहून अधिक वर्षं या गावात दगडावर मराठी लिहिली जात होती.

पण वीरगळांवर अक्षर नाही. आत्या शाळेत फार गेली नाही, तरी हे दगड तिनं मला खालून वर वाचून दाखवले. गाळाचा पापुद्रा तिनं पदरानं पुसला. सगळ्यात खाली एक माणूस आडवा पडलेला. "ह्यो मेलेला." त्याच्यावरच्या चौकटीत तोच उभा, एका हातात ढाल, दुसऱ्यात तलवार, समोर दोघं. "ह्यो लढतोय." तिसरीत दोन्ही बाजूंना बायका, मधे तो, पाय जमिनीला न लागलेले. "ह्या अप्सरा. न्यायला आल्यात." त्याच्यावर शिवाची पिंड, पुढं हात जोडून बसलेला वीर. शेंड्याला चंद्र आणि सूर्य: ते आहेत तोवर याची कीर्ती राहील, अशी ग्वाही. दगडाची एक कड पाण्यानं खाल्लीय, लढणाऱ्याचं नाक गेलंय, पण ढालीची गोल कड अजून बोटाला लागते. शेजारी सतीचा दगड आहे. कोपरात वाकलेला हात, हातात बांगड्या. त्याच्यापुढं आत्या हात जोडते, बोलत काही नाही.

मेलेला माणूस खाली आणि जिंकलेला वर, असा हा उलटा इतिहास. कुणाशी लढला, कशासाठी, ते कुठंच नाही. आप्पांचं, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांचं मत असं, की गुरांसाठी. चोरांनी गावची गुरं वळवली, हा आडवा गेला, गुरं परत आली, हा आला नाही. आमच्या घरात ही गोष्ट त्यांनी शंभरदा सांगितली असेल. त्यातलं किती खरं ते दगड सांगणार नाही, पण महाराष्ट्रभर वीरगळांवर गायी कोरलेल्या सापडतात. ज्या काळात गुरं हीच दौलत होती, त्या काळातलं गावचं युद्ध असंच असणार.

या मुलखाला लढायांची कमी नव्हतीच. नीरा आणि भीमा यांच्या बेचक्यात आमचा इंदापूर तालुका. दोघी नीरा नरसिंगपूरला भेटतात. निजामशाही आणि आदिलशाहीची ओढाताण याच पट्ट्यात चालली. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंदापूरच्या लढाईत पडले असं परंपरा सांगते, आणि इंदापुरात त्यांची गढी दाखवतात. लहानपणी बाजाराला जाताना आप्पा एसटीच्या खिडकीतून तिकडं बोट करायचे. "राजाची आठवण राहती," म्हणायचे. "त्याच्या म्होरं जे पडले त्यांची राहत न्हाई."

याच भीमेच्या काठी वरच्या अंगाला कोरेगावचा विजयस्तंभ आहे. 1 जानेवारी 1818च्या लढाईत ईस्ट इंडिया कंपनीच्या बाजूनं पडलेल्यांची नावं त्यावर आहेत: एकूण 49, त्यांपैकी 22 महार शिपायांची. 1927 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथं गेले आणि तेव्हापासून ती नावं वाचण्याला वेगळंच बळ आलं. कोरेगावला साध्या शिपायाचं नाव आहे, चेहरा नाही. पळसदेवला चेहरा आहे, नाव नाही. नावामुळं पुढच्या पिढ्यांना आपला माणूस ओळखता आला. आमच्या वीराला ओळखणारं फक्त गाव होतं, आणि गावच उठलं.

पाणी चढायला लागलं तेव्हा लोकांनी चौकटी काढल्या, तुळया काढल्या, वासे मोजून बैलगाडीत भरले. देव वाजत-गाजत निघाला. वीर तिथंच राहिले. का, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. आत्या म्हणते, "देव भक्तांच्या मागं येतो. वीराचं तसं न्हाई. त्यो जिथं पडला तिथंच त्याचं ठाणं. हलवला तर राखण कुणाची करंल?" आप्पा हसतात. "गाडीत जागा नव्हती. लोकांनी धान्य घालायचं का धोंडं?"

मला दोन्ही पटतात, आणि आप्पांचं जरा जास्त. नुकसानभरपाईचे कागद, नवा प्लॉट, पोरांची शाळा यात अडकलेल्या माणसांना शेंदराच्या दगडाची आठवण उशिराच येणार. आता पोरं म्हणतात, पुन्हा पाणी उतरलं की क्रेन लावू, वीरगळ रस्त्याला आणू, वर पत्र्याचं छत, खाली पाटी. हेतू चांगला आहे. फक्त उचलण्याआधी कुठला दगड कुठं आणि कुठल्या तोंडानं उभा होता, ते लिहून फोटो काढून ठेवायला हवं. नाव नसलेल्या माणसाची जागा हाच त्याचा उरलेला पत्ता. तोही गेला तर रस्त्याकडेला नुसती शोभेची शिळा उरेल.

म्हणून एका दुपारी दोघांना समोर बसवून मी जुन्या गावाचा नकाशा काढायला घेतला. पहिल्याच दगडाला भांडण. "नदीच्या वाटंवर होता," आत्या म्हणाली. "चिंचंच्या बुडी," आप्पा म्हणाले, "मी रोज तिथं बैल बांधायचो." "तुमचे बैल कुठंबी बांधलेले असायचे, आप्पा." मी दोन्ही जागांवर खूण केली आणि दुसऱ्या दगडाचं विचारलं.