सत्तानवेचे कायदे

‘किंग ऑफ फायटर्स’ या व्हिडिओ गेम मालिकेतला सर्वांत नीट जुळलेला गेम कोणता, असं विचारलं तर बरेच जाणकार १९९८ च्या भागाचं नाव घेतात. त्यात सगळे गडी तोलूनमापून बसवलेत. भिवंडीत मात्र चालला तो १९९७ चा, जागोजागी कच्चा राहिलेला. पूर्ण नाव कुणी घेत नसे. ‘सत्तानवे’ म्हटलं की पुरे. आमच्या वंजारपट्टी नाक्याकडच्या गल्लीत गेमचं दुकान चालवणाऱ्या चाचांनी एकदा अठ्ठ्याण्णवचा बोर्ड लावून पाहिला. पोरं मशीनकडे बघायची आणि पुढे निघून जायची. मी आज कापडाच्या पेढीवर हिशेब लिहितो, आणि एवढ्या वर्षांनंतर वाटतं की सत्तानवे टिकला तो त्याच्या कच्चेपणामुळे.

हा गेम ओसाकाच्या एसएनके कंपनीचा. १९९० साली तिने ‘निओ जिओ’ नावाचं यंत्र काढलं. खोकं तेच, आतली कार्ट्रिज बदलली की गेम नवा. १९९४ मध्ये तिने आपल्याच वेगवेगळ्या गेममधले नायक एका आखाड्यात आणले: ‘फेटल फ्युरी’चे टेरी आणि अँडी, ‘आर्ट ऑफ फायटिंग’चे र्‍यो आणि रॉबर्ट, ‘इकारी वॉरियर्स’चे राल्फ आणि क्लार्क, ‘सायको सोल्जर’ची अथेना. एकास एक लढतीऐवजी तिघांचा संघ आला. एक पडला की दुसरा उतरायचा. १९९५ पासून चाललेली ‘ओरोची’ नावाची कथा सत्तानवेमध्ये संपते. ती कथा आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हती. इओरीचे लाल केस आणि चँगचा साखळदंडाचा लोखंडी गोळा एवढी ओळख आम्हाला पुरेशी होती.

आमच्यापर्यंत पोचलेलं यंत्र एसएनकेचं म्हणावं असं नव्हतंच. प्लायवूडचं खोकं, वर सनमायका, आत जुन्या रंगीत टीव्हीची ट्यूब, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला बोर्ड. बोर्ड असली की नकली, हे चाचांनी कधी विचारलं नाही. नकलांचा धंदा तर जगभर होता. सत्तानवेचीच एक नक्कल ‘किंग ऑफ ग्लॅडिएटर’ नावाने निघाली होती.

शेजारच्या मशीनवर ‘मुस्तफा’ असायचा. कॅपकॉमचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, पण त्यातल्या एका गड्याच्या नावानेच तो आपल्याकडे ओळखला गेला. त्यात दोघं-तिघं मिळून मशीनशी लढतात. तरबेज पोरगा एका रुपयात तासभर हलत नसे आणि चाचांचा चेहरा पडायचा. सत्तानवेमध्ये दोघांचे दोन कॉइन पडायचे, काही मिनिटांत एक जण हरायचा, त्याच्या जागी तिसरा उभा राहायचा. जिंकणारा फुकटात खेळत राही, तरी गल्ल्यात दर डावाला रुपया येतच राही. दुकानदाराला परवडणारा गेमच वर्षानुवर्षं मशीनवर राहतो, हे मला हिशेब शिकण्याआधी तिथेच समजलं.

रांगेत उभे असायचे ते यंत्रमागाचं गाव जसं असतं तसे. दोन पाळ्यांत चालणारे माग, शुक्रवारी सुट्टी. त्या दिवशी आझमगढ आणि मऊकडचे कारीगर, पद्मानगरची तेलुगू घरातली पोरं, कोकणी मुसलमान, आम्ही आगरी, सगळे एका खोक्याभोवती. समोरच्याचं नाव माहीत नसे. त्यात १९७० आणि १९८४ च्या दंगली पाहिलेलं हे गाव. घरचे सांगायचे, कुणाशी वाद घालू नको. आणि गेम तर वादाचा कारखाना होता.

कारण त्यातल्या खोडी. चँग हा गडी घेऊन नुसतं बटण बडवत राहिलं की गोळा गरगर फिरतो आणि नवखा जवळ येऊच शकत नाही. काही मार असे की एकदा कोपऱ्यात सापडलेला सुटत नाही. स्टार्टचं बटण दाबून जॉयस्टिक ठरावीक क्रमाने फिरवली की पिसाळलेला इओरी मिळतो, भलताच वेगवान. कंपनीने हे तसंच सोडलं होतं, म्हणून कायदे आम्ही केले. गोळा सलग फिरवायचा नाही. पिसाळलेला इओरी बंद. उचलून आपटणं एका गड्याला एकदाच. नंबर लावायचा तर मशीनच्या कडेवर कॉइन ठेवायचा. कॉइन उचलला की नंबर गेला.

सगळ्यांत बारीक कायदा लाइट जाण्याचा. भारनियमनाच्या त्या वर्षांत ऐन डावात पडदा काळा व्हायचा. मग ज्याचे जास्त गडी शिल्लक तो जिंकला असं मानायचं. सारखे असतील तर लाइट आल्यावर चाचांनी किल्ली फिरवून डाव फुकट द्यायचा. २००७ मध्ये वीजवाटप टोरंटकडे गेल्यावर पुढे या कायद्याची गरज कमी होत गेली. पण कायदे गल्लीगणिक वेगळे होते. पद्मानगरात आपटायला मोकळीक, आमच्याकडे एकदाच. म्हणून परक्या दुकानात कॉइन टाकण्याआधी विचारायचं, “भाई, इधर क्या चलता है?” एवढ्या एका प्रश्नाने बरीच भांडणं वाचली.

दुकानं गेली त्याची कारणं साधी आहेत: सायबर कॅफेतल्या संगणकांवर हेच गेम फुकट चालू लागले, घरोघरी प्लेस्टेशन आला, नंतर फोन. गेम मात्र गेला नाही. लाहोरच्या आर्केडमध्ये हीच मालिका खेळत वाढलेला अर्सलान ॲश २०१९ मध्ये ‘टेक्केन’ या दुसऱ्या लढतीच्या गेमची जगातली सर्वांत मोठी स्पर्धा जिंकला. एसएनकेने २०१८ मध्ये सत्तानवे ऑनलाइन खेळण्यासाठी पुन्हा बाजारात आणला. तिथे समोरचा अनोळखी माणूस गोळा फिरवत बसला तर त्याला काही विचारता येत नाही. मी ते लवकरच सोडलं.

घरी सत्तानवे अजून चालतो. गेल्या दिवाळीत पुतण्यांनी नवा कायदा काढला: हरणाऱ्याने संघ बदलायचा, जिंकणाऱ्याला सक्ती नाही. मी म्हटलं, सक्ती करायची तर जिंकणाऱ्यावर करा. धाकटा म्हणाला, “काका, तुमच्या वेळी चालत असेल.” डाव पाच मिनिटांत आटोपला, हा वाद जेवणं होईपर्यंत पुरला.