चेशायर, लेनर्ड
(७ सप्टेंबर १९१७–३१ जुलै १९९२). दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश बाँबफेकी वैमानिक, व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी आणि अपंगांसाठी अनेक देशांत निघालेल्या चेशायर होम्सचे संस्थापक. पूर्ण नाव जेफ्री लेनर्ड चेशायर. जन्म इंग्लंडमधील चेस्टर येथे. वडील ऑक्सफर्डचे नामांकित कायदेपंडित होते. करारांचा कायदा आणि खासगी आंतरराष्ट्रीय कायदा यांवरचे त्यांचे ग्रंथ भारतातल्या विधी महाविद्यालयांतही वाचले गेले. लेनर्ड यांनी ऑक्सफर्डच्या मर्टन महाविद्यालयात कायद्याचेच शिक्षण घेतले. पण विद्यापीठाच्या हवाई पथकात ते विमान चालवायला शिकले होते आणि युद्ध सुरू होताच त्यांची वाट ठरली.

१९४०च्या जूनमध्ये ते यॉर्कशरमधील ड्रिफील्ड तळावर १०२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये रुजू झाले. तिथे व्हिटली हे दोन इंजिनांचे, संथ गतीचे बाँबफेकी विमान होते. त्याच वर्षी १२-१३ नोव्हेंबरच्या रात्री जर्मनीतील कोलोनवर हल्ला करताना विमानविरोधी तोफेच्या गोळ्याने त्यांच्या विमानातला प्रकाशगोळा पेटला. विमानाची एक बाजू फाटून उघडी पडली, आत आग लागली आणि क्षणभर चेशायर यांना काही दिसेनासे झाले. विमान खाली झेपावू लागले, ते त्यांनी सावरले. इतरांनी आग विझवली. बिनतारी संदेशयंत्रावरचा तरुण गंभीर भाजला होता, तरीही तो यंत्रापाशी बसून संदेश पाठवण्याची धडपड करीत राहिला. उघड्या भगदाडातून थंडगार वारा आत घुसत असताना कित्येक तास उडत त्यांनी विमान इंग्लंडला परत आणले. या कामगिरीसाठी चेशायर यांना डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर मिळाली. हा सन्मान सहसा वरिष्ठ अधिकाऱ्यांना दिला जाई. एखाद्या कनिष्ठ अधिकाऱ्याला तो मिळाला, तर त्याचा व्हिक्टोरिया क्रॉस थोडक्यात हुकला, असे सैन्यात मानत.

१९४१च्या मार्चमध्ये त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. तोपर्यंत ते ३५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये चार इंजिनांच्या हॅलिफॅक्स विमानांवर आले होते. तिथल्या कामगिरीबद्दल त्यांच्या पहिल्या सन्मानाला एक बार जोडला गेला. तोच सन्मान पुन्हा मिळाला की नवे पदक देत नाहीत, जुन्या पदकाच्या फितीवर धातूची पट्टी बसवतात. तिला बार म्हणतात.

१९४२च्या उत्तरार्धात त्यांच्याकडे ७६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे नेतृत्व आले. या काळाकडे चरित्रकारांचे लक्ष कमी जाते, पण अधिकारी म्हणून चेशायर यांची पारख इथेच होते. हॅलिफॅक्स विमाने वाजवीपेक्षा जास्त संख्येने पडत होती. वजन जास्त, वेग कमी आणि उंची गाठता येत नाही, हे त्यांनी स्वतः उडून ताडले. नाकाकडचा तोफबुरूज आणि धुराड्यांवरची जड झाकणे काढून टाकवली, तेव्हा विमाने हलकी आणि चपळ झाली. नव्या कर्मीदलाबरोबर ते दुय्यम वैमानिक म्हणून जात. जमिनीवर राबणाऱ्या मेकॅनिकांनाही ते नावाने ओळखत. ब्रिटनच्या बाँबर कमांडमध्ये सुमारे सव्वा लाख जणांनी विमानात सेवा केली आणि त्यांपैकी ५५,५७३ जण मेले. एका फेरीत तीस मोहिमा असत आणि त्या पुऱ्या होण्याआधीच पुष्कळांचा शेवट होई. अशा ठिकाणी वरिष्ठ आपल्याबरोबर येतो, ही गोष्ट माणसांना बळ देई. १९४३च्या एप्रिलमध्ये त्यांना दुसरा बार मिळाला. त्याच सुमारास, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, ते ग्रुप कॅप्टन झाले. हवाई दलात या हुद्द्यावर तेव्हा त्यांच्याएवढे तरुण कोणी नव्हते.

हुद्दा मिळाला तसे प्रत्यक्ष उड्डाण सुटले आणि प्रशिक्षणतळाची व्यवस्था अंगावर आली. ती त्यांना मानवली नाही. विंग कमांडर या खालच्या हुद्द्यावर उतरून १९४३च्या अखेरीस त्यांनी ६१७ क्रमांकाची स्क्वाड्रन हाती घेतली. जर्मन धरणांवरच्या मे महिन्यातल्या हल्ल्याने गाय गिब्सन यांची ही तुकडी गाजली होती. आता अडचण वेगळी होती. रात्री उंचावरून टाकलेले बाँब नेमके पडत नसत, कारण लक्ष्यावर टाकली जाणारी रंगीत निशाणीच भलतीकडे पडे. मिक मार्टिन या सहकारी वैमानिकाबरोबर चेशायर यांनी ठरवले, की निशाणी टाकणाऱ्याने थेट छपरांजवळ उतरायचे.

१९४४च्या फेब्रुवारीत फ्रान्समधल्या लिमोज येथील विमान-इंजिनांच्या कारखान्यावर ही रीत पहिल्यांदा ठळकपणे यशस्वी झाली. कारखान्यात रात्रपाळीला शेकडो फ्रेंच स्त्रिया होत्या. चेशायर यांनी आपले लँकेस्टर विमान कारखान्याच्या छपरांवरून वारंवार घोंघावत नेले. स्त्रिया बाहेर पळाल्या, तेव्हाच त्यांनी आगलावे बाँब टाकले. मागून आलेल्या विमानांनी कारखाना उद्‌ध्वस्त केला. बाँबफेकी वैमानिकाने खालच्या माणसांना निसटण्याची संधी द्यावी, अशी मोहीम त्या युद्धात विरळा. माझ्या मते त्यांच्या सर्व उड्डाणांत हीच सर्वांत मोलाची.

पुढे निशाणीसाठी त्यांनी हलके मॉस्किटो विमान घेतले. २४-२५ एप्रिलच्या रात्री म्युनिकवर ते शोधझोतांच्या लखलखाटात अगदी खाली, सुमारे ७०० फुटांवर उतरले. परतीला इंधन पुरेल की नाही, हेही निघताना नक्की नव्हते. जूनमध्ये फ्रान्समधल्या सिराकूरवरच्या हल्ल्यासाठी एका इंजिनाचे मस्टँग विमान आले. ते त्यांनी आधी कधी उडवले नव्हते. पहिले उड्डाण थेट मोहिमेचेच झाले. ६ जुलै १९४४ रोजी मिमोयेक येथील जर्मन महातोफांच्या भूमिगत तळावर हल्ला केल्यावर त्यांच्या मोहिमांची शंभरी भरली आणि वरिष्ठांनी त्यांना सक्तीने थांबवले.

८ सप्टेंबर १९४४ रोजी व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. हे पदक बहुधा एखाद्या विशिष्ट प्रसंगातल्या शौर्यासाठी मिळते. चेशायर यांच्या मानपत्रात मात्र चार वर्षांचा सलग पराक्रम गौरवला आहे. कोलोन आणि म्युनिक ही त्यातली उदाहरणे. हा फरक महत्त्वाचा आहे. एका रात्रीच्या आवेशापेक्षा, धोका पुरता ओळखून शंभर वेळा परत जाणे अवघड असते, हे तिथे अधिकृतपणे मान्य झाले. बकिंगहॅम राजवाड्यातील समारंभात सार्जंट नॉर्मन जॅक्सनही हेच पदक घ्यायला आले होते. उडत्या लँकेस्टरच्या पंखावर जाऊन आग विझवू पाहणारा हा माणूस माझ्याआधी बोलावला जावा, अशी चेशायर यांनी राजाला विनंती केल्याचे जॅक्सन सांगत. शिष्टाचारामुळे ती मान्य झाली नाही.

९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवरचा अणुबाँब त्यांनी ब्रिटनचे निरीक्षक म्हणून एका विमानातून दुरून पाहिला. त्या धक्क्याने ते सेवाकार्याकडे वळले, अशी हकीकत नेहमी सांगितली जाते, पण ती फार सोपी केलेली आहे. अणुबाँबने युद्ध संपले, या मतावर ते ठाम राहिले. वळण आले १९४८ मध्ये, हॅम्पशरमधल्या त्यांच्या ले कोर्ट या घरी. कर्करोगाने मरणाला टेकलेल्या एका ओळखीच्या माणसाला कुठेच जागा मिळेना, तेव्हा त्याला घरी आणून त्यांनी स्वतःच्या हातांनी त्याची शुश्रूषा केली. मग दुसरा रुग्ण आला, तिसरा आला, आणि त्यातून पहिले चेशायर होम उभे राहिले. त्याच वर्षी त्यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला.

ब्रिटनबाहेरचे पहिले होम १९५०च्या दशकाच्या मध्यात मुंबईत अंधेरीला निघाले. ५ एप्रिल १९५९ रोजी समाजसेविका स्यू रायडर यांच्याशी त्यांचा विवाहही मुंबईतच झाला. दोघांनी मिळून देहरादूनला राफाएल ही संस्था काढली.

१९८१ मध्ये त्यांना ऑर्डर ऑफ मेरिट मिळाली. एका वेळी केवळ चोवीस सदस्य असू शकणारा हा सन्मान राजा वा राणी स्वतःच्या मर्जीने देते. १९९१ मध्ये त्यांना उमराव करण्यात आले. किताबासाठी त्यांनी वुडहॉल हे गाव निवडले. लिंकनशरमधल्या याच ठिकाणाहून ६१७ क्रमांकाची स्क्वाड्रन उडत असे. सफकमधील कॅव्हेंडिश येथे मज्जापेशींच्या दुर्धर विकाराने त्यांचे निधन झाले.