माहेर-सासरच्या पुढची खुर्ची

दर १२ जानेवारीला सिंदखेडराजात जिजाऊंचा जयघोष होतो. आम्हीही त्यात असतो. पण इतिहास वाचताना एक प्रश्न आम्ही टाळत नाही. पुणे जहागिरीचा कारभार पाहणाऱ्या जिजाऊंचे कर्तृत्व त्यांचे स्वतःचे होते. मात्र ते दाखवण्याची संधी त्यांना लखुजी जाधवांची लेक आणि शहाजीराजांची पत्नी म्हणून मिळाली. मग त्याच बुलढाण्यात कापूस वेचणाऱ्या बाईचे कर्तृत्व कुठे गेले?

२०१३च्या कंपनी कायद्याने सूचीबद्ध कंपन्यांना किमान एक महिला संचालक बंधनकारक केली. अनेक उद्योगघराण्यांनी घरातलीच बाई पुढे केली. २०१४मध्ये नीता अंबानी रिलायन्सच्या संचालक मंडळावर आल्या. त्यांच्या कुवतीबद्दल आमचा वाद नाही. वाद दाराबद्दल आहे. पुढे सेबीलाच मोठ्या कंपन्यांसाठी 'स्वतंत्र' महिला संचालकाची अट घालावी लागली. म्हणजे रोग कळला होता.

आता शेजारच्या अकोला जिल्ह्यात या. रोपरखेड्याच्या कल्पना सरोज. दलित कुटुंब, बाराव्या वर्षी लग्न, सासरी छळ. वडिलांनी परत आणले, पुढे मुंबईत शिवणकाम केले. त्यांच्या व्यवसायाला आधार दिला तो मागासवर्गीयांसाठीच्या सरकारी योजनेतील ५० हजारांच्या कर्जाने. वारसांच्या भांडणांत आणि कर्जात बुडालेल्या कमानी ट्यूब्जच्या त्या २००६मध्ये अध्यक्षा झाल्या. २०१३मध्ये पद्मश्री मिळाली. घराण्याने बुडवले, घराणे नसलेल्या बाईने उभे केले!

पण एका कल्पनाताईंचे उदाहरण देऊन 'जिद्द असली की सगळे होते' म्हणणाऱ्यांपासून सावध राहा. जिद्द आमच्या आयाबहिणींकडे कधीच कमी नव्हती. कमी होते ते भांडवल. बाबासाहेबांनी १९१६मध्येच दाखवून दिले की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून. जिथे नाती जातीत कोंडली जातात, तिथे नात्यांमागून जाणारा पैसाही जातीतच फिरतो. म्हणूनच हिंदू कोड बिलात मुलीचा मालमत्तेतला वाटा होता आणि ते बिल रखडले म्हणून १९५१मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले. पण ज्या बापाकडे मालमत्ताच नाही, त्याच्या लेकीला वाटा कशात मिळणार? तिला सरकारी कर्जच हवे.

म्हणून मित्रांनो, आपल्या गावातल्या बचत गटात, पतसंस्थेत एवढेच विचारा: सही तिची, पण कारभार कोणाचा? आणि मागासवर्गीय महामंडळाचे कर्ज किती बायकांपर्यंत पोचले? उत्तर माहितीच्या अधिकारात मागा. जिजाऊंना खरे अभिवादन तेच.

जय भीम!