पुसलेल्या फिती

गेल्या वर्षी लेकीकडे ॲबर्डीनला तीन महिने राहून आले. स्कॉटलंडमधलं हे शहर म्हणजे तेलाचं शहर. उत्तर समुद्रातल्या तेलाच्या फलाटांवर कामाला जाणारी माणसं इथूनच हेलिकॉप्टरनं जातात. जावईबापूही त्याच कामात आहेत. लेकीच्या शेजारी ऐंशी ओलांडलेल्या एक आजी राहतात. त्यांनी एकदा चहाला बोलावलं. माझे वडील बडोद्याजवळच्या कोयलीच्या रिफायनरीत होते, हे कळल्यावर त्या खुदकन हसल्या. लेकीनं मध्ये पडून समजावलं, “आई, त्या म्हणतायत, म्हणजे आपण दोघीही तेलवाल्यांच्या घरच्या!”

मग त्यांनी एका जुन्या टीव्ही मालिकेचं नाव काढलं. ‘द ट्रबलशूटर्स’. त्यांचे यजमान सुट्टीवर घरी असले की दोघं मिळून बघायचे म्हणे. “यांना हसू यायचं. म्हणायचे, यांचे शर्ट बघ किती स्वच्छ आहेत!”

मी घरी परतल्यावर या मालिकेची माहिती शोधत बसले. आणि गंमत अशी, की ती शोधता शोधता माझ्याच घराच्या इतिहासापाशी येऊन थांबले.

ही मालिका बीबीसीवर जुलै १९६५ मध्ये सुरू झाली. लेखक जॉन एलियट. पहिल्या वर्षी तिचं नाव होतं ‘मोगल’. तेच गोष्टीतल्या तेल कंपनीचं नाव. इंग्रजीत बड्या धनिकाला ‘मोगल’ म्हणतात, आणि तो शब्द गेलाय आपल्याकडच्या मुघलांवरूनच! पुढच्या वर्षी नाव बदलून ‘द ट्रबलशूटर्स’ झालं, म्हणजे जिथं अडचण येईल तिथं धावून जाऊन ती निस्तरणारी माणसं. कंपनीचा करडा साहेब ब्रायन स्टीड, ही भूमिका जेफ्री कीनची. पैशांवर नजर ठेवणारा विली इझार्ड म्हणजे फिलिप लेथम. आणि जगभर धावपळ करणारे दोघे, पीटर थॉर्नटन आणि ॲलेक स्ट्युअर्ट. थॉर्नटन झाला होता ऑस्ट्रेलियाचा रे बॅरेट. स्ट्युअर्ट झालेला रॉबर्ट हार्डी तुमच्या मुलांनी पाहिलेला आहे. हॅरी पॉटरच्या सिनेमांतला जादू खात्याचा मंत्री तोच!

१९७२ च्या सुरुवातीपर्यंत, सात पर्वांत मिळून ही मालिका एकशे छत्तीस भाग चालली. तेल कंपनीवर एवढं काय दाखवायचं, असं मलाही वाटलं. पण तो काळ आठवून बघा. इंग्रजांचं तेल म्हणजे मुख्यतः इराणचं तेल. १९०८ मध्ये तिथं मस्जिद-ए-सुलेमानला तेल लागलं, पुढच्या वर्षी अँग्लो-पर्शियन कंपनी निघाली आणि १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारच तिचं मोठं भागीदार झालं. अबादानला प्रचंड रिफायनरी उभी राहिली. ती चालवायला मुंबई बंदरातून आपल्याकडचे कामगार नेले होते, हे मला आत्ता आत्ता कळलं. १९२० आणि १९२२ मध्ये त्यांनी संपही केले. पगार कमी, राहायला धड जागा नाही. १९२२ च्या संपानंतर बऱ्याच जणांना कंपनीनं परत पाठवून दिलं.

१९५१ मध्ये पंतप्रधान मोसादेक यांच्या काळात इराणनं हे तेल आपल्या ताब्यात घेतलं. दोनच वर्षांत त्यांचं सरकार उलथवलं गेलं. १९५४ मध्ये कंपनीनं ब्रिटिश पेट्रोलियम हे नाव घेतलं. १९६० मध्ये तेलवाल्या देशांनी बगदादला एकत्र येऊन ‘ओपेक’ स्थापन केली. म्हणजे ‘मोगल’ सुरू झाली तेव्हा इंग्रजांचं साम्राज्य जवळजवळ आवरलं होतं, आणि उरल्यासुरल्या वजनाची खरी जागा ही तेलाची टेबलं होती. लोक घरात बसून तेच बघत होते.

त्याच १९६५ च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटिश पेट्रोलियमच्या ‘सी जेम’ या फलाटाला उत्तर समुद्रात गॅस लागला. आनंद फार टिकला नाही. २७ डिसेंबरला तो फलाटच कोसळला आणि तेरा माणसं गेली. शेजारच्या आजी ही तारीख न अडखळता सांगतात. त्यानंतर त्यांचे यजमान समुद्रावर असले की रात्री रेडिओ बंद करायचा त्यांना धीर होत नसे.

आता आपल्याकडे या. आजीच्या घरी बर्मा-शेलचा रॉकेलचा डबा होता. रॉकेल संपल्यावर तो घासूनपुसून अंगणातलं पाणी भरायला ठेवलेला असायचा. तेलाचा धंदा असा परदेशी कंपन्यांच्या हातात. भारतात फारसं तेल नाही, असंच त्यांचे जाणकार सांगत. केशवदेव मालवीयांनी ते ऐकलं नाही, रशियाची मदत घेतली. १९५८ मध्ये खंभातजवळ तेल लागलं, १९६० मध्ये अंकलेश्वरला लागलं. त्याच वर्षी सरकारनं परदेशी कंपन्यांना सांगितलं, आम्हाला रशियाकडून स्वस्त कच्चं तेल मिळतंय, तुमच्या रिफायनरीत ते शुद्ध करून द्या. त्यांनी चक्क नकार दिला. मग आपल्या स्वतःच्या रिफायनऱ्या किती गरजेच्या आहेत, ते सगळ्यांनाच पटलं. १९६३ मध्ये पंडितजींनी कोयलीची पायाभरणी केली आणि १९६५ च्या ऑक्टोबरात रिफायनरी सुरू झाली.

म्हणजे तिकडे ‘मोगल’ सुरू झाली त्याच वर्षी इकडे कोयली! दादा सांगली जिल्ह्यातून डिप्लोमा करून नोकरीसाठी बडोद्याला आले ते त्याच सुमाराला. मालिकेतले साहेब टेबलाच्या एका बाजूला, तर आमचे दादा पार दुसऱ्या बाजूला. तीन पाळ्या, निळे कपडे, हाताला जाणार नाही असा वास. आई ते कपडे वेगळे भिजवायची. या बाजूची मालिका कुणी काढली नाही. आणि तेव्हा आमच्याकडे टीव्ही तरी कुठं होता? मुंबईला दूरदर्शन आलं ऑक्टोबर १९७२ मध्ये, म्हणजे ‘द ट्रबलशूटर्स’ संपल्यावर.

पण मला चटका लावून गेली ती वेगळीच गोष्ट. या एकशे छत्तीस भागांपैकी बहुतेक भाग आज अस्तित्वातच नाहीत. बीबीसीनं ते पुसून टाकले. व्हिडिओची फीत तेव्हा महाग, शिवाय पुसून पुन्हा वापरता येणारी. कलाकारांशी झालेल्या करारांमुळे जुने भाग वाटेल तितक्यांदा दाखवता येत नसत. घरी कॅसेट लावून बघायची सोय नव्हती. त्यात रंगीत टीव्ही आल्यावर कृष्णधवल कार्यक्रम कोण बघणार? तेव्हा पुसा आणि नवं भरा. ‘डॉक्टर हू’सारख्या गाजलेल्या मालिकेचेही कितीतरी भाग असेच गेले. १९७८ च्या सुमाराला त्यांना शहाणपण आलं आणि जपणूक सुरू झाली.

वाचताना प्रथम राग आला. एवढी मोठी संस्था, आणि एवढी साधी गोष्ट कळू नये? आपल्याकडे हस्तलिखितं वेष्टनात बांधून शेकडो वर्षं भांडारांत सांभाळली, श्रुतपंचमीला आपण त्यांची पूजा करतो. आणि मग एकदम आठवलं, की मीही तेच केलंय.

दादा निवृत्त झाले त्या वर्षी माझ्या धाकट्या भावानं टेपरेकॉर्डरवर त्यांना बोलतं केलं होतं. कोयलीचे पहिले दिवस, रशियन इंजिनियरांच्या खाणाखुणा, पहिल्यांदा बॉयलर पेटला ती रात्र, असं तासभर. कॅसेटवर नाव घालायचं राहून गेलं. दोन वर्षांनी लेकीच्या शाळेच्या नाचासाठी गाणं भरून हवं होतं, घाईघाईत मी ड्रॉवरमधली हीच कॅसेट उचलली. दादांना सांगितलं तर म्हणाले, “अगं जाऊ दे, त्यात काय होतं एवढं!” आता दादाही नाहीत.

बीबीसीतल्या त्या माणसालाही असंच वाटलं असणार. त्यात काय एवढं. फीत कामाला येतेय ना? मैत्रिणींनो, आपण तर जुन्या लुगड्याची गोधडी करणाऱ्या बायका. वाया घालवायचं नाही, हे अंगात मुरलेलं. पण काय जपायचं आणि काय पुन्हा वापरायचं, हे आपण त्या दिवसाच्या गरजेवर ठरवतो. गरज दोन दिवसांत भागते. पुसलेलं मात्र परत येत नाही.

तिकडच्या मालिकेतले थोडे भाग तरी शिल्लक राहिले. आमच्याकडे राहिली आहे आई. वय चौऱ्याऐंशी. दादांच्या गोष्टी तिला दादांसारख्या सांगता येत नाहीत, पण तिच्याकडे तिच्या स्वतःच्या आहेत, ज्या कॅसेटवर कधी नव्हत्याच. अवेळी भोंगा वाजला की कॉलनीतल्या सगळ्या बायका गच्चीवर यायच्या. धूर कुठल्या बाजूला आहे ते बघायच्या. मराठी, गुजराती, बंगाली, सगळ्या. कुणी बोलायचं नाही. ज्याचा त्याचा माणूस सायकलवरून दिसला, की ती ती बाई खाली उतरायची.

हे ऐकताना मला ॲबर्डीनच्या आजींचा तो रेडिओ आठवला.

गेल्या महिन्यापासून दुपारी चारला चहा झाला की मी वही घेऊन आईजवळ बसते. ती म्हणते, “हे काय लिहून घेतेस?” मी तारीख घालते, वर नाव घालते, आणि म्हणते, “तू सांग पुढं.”