२० सप्टेंबर : फ्रेड विंटर
अडथळ्यांच्या शर्यतींतले इंग्लंडचे थोर जॉकी फ्रेड विंटर यांचा हा जन्मदिवस (१९२६). चार वेळा ते तिथले अव्वल जॉकी ठरले, मानाची ग्रँड नॅशनल शर्यत दोनदा जिंकले. पण खरा पराक्रम १९६२चा, पॅरिसमधल्या शर्यतीतला. सुरुवातीलाच मँडरिन घोड्याच्या तोंडातली लगामाची कडी तुटली. लगाम निकामी! उरलेले अडथळे, वळणे विंटर यांनी केवळ पायांची पकड आणि शरीराच्या तोलावर पार केली. अखेरीस घोड्याचा पायही दुखावला, तरी ते जिंकलेच. घोडेस्वारीत याहून मोठे धाडस सापडणे कठीण. १९६४मध्ये निवृत्त होऊन त्यांनी इंग्लंडमध्येच लॅम्बर्नला शर्यतीचे घोडे तयार करण्यासाठी तबेला थाटला. त्यांनी तयार केलेल्या घोड्यांनी १९६५ आणि १९६६च्या ग्रँड नॅशनल जिंकल्या.