येवल्याचा मांजा आणि न्यायासन

पैठणीच्या मागांसाठी ख्यात असलेल्या येवल्यात भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस हलकडी या वाद्याच्या तालावर पतंग चढतात. पण आसारीवरच्या, म्हणजे फिरकीवरच्या, सुती दोऱ्याची जागा नायलॉन मांजाने घेतली तेव्हा पक्ष्यांचे पंख व वाटसरूंचे गळे चिरले जाऊ लागले. अखेर ११ जुलै २०१७ रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने देशभर त्या मांजास मनाई फर्माविली. त्या हुकुमाने केवळ उडविणाऱ्यास नव्हे, तर बनविणाऱ्यास व विकणाऱ्यासही बांधून घेतले, हेच मला त्यात मोलाचे वाटते.

पुढे बनविणाऱ्यास जबाबदार धरण्याचे तेच तत्त्व मुलांच्या मनाला होणाऱ्या इजेपर्यंत पोचू लागले. २०१९ साली एका ११ वर्षांच्या मुलाने आईमार्फत मुंबई उच्च न्यायालयात पबजी या मोबाइल खेळाविरुद्ध जनहित याचिका गुदरली. आणि २४ ऑक्टोबर २०२३ रोजी अमेरिकेतील ३३ राज्यांनी, इन्स्टाग्राम व फेसबुकची रचनाच अल्पवयीनांना जखडून ठेवण्यासाठी केल्याचा आरोप ठेवून, मेटा कंपनीवर कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयात दावा दाखल केला. चिरलेल्या पंखाचा पंचनामा होतो. पण रात्र रात्र जागून परक्यांच्या पसंतीच्या आकड्यांवर स्वतःचे मोल जोखणाऱ्या मुलीची जखम कोणत्या कागदावर उमटणार? त्या राज्यांनी पुराव्यादाखल पुढे केले ते कंपनीचेच अंतर्गत दप्तर.